वॉकओव्हर

(पडदा काळा. फक्त माइकचा आवाज : “शेवटची सूचना! पाहुण्या संघानं पाच मिनिटांत मैदानावर हजर व्हावं, नाहीतर समोरच्या संघाला वॉकओव्हर देण्यात येईल!” मग एकेक करून हॅलोजन लागतात.)

जानेवारी महिना, रात्रीचे साडेअकरा. दर्यापूर तालुक्यातलं एक गाव आणि जिल्हा परिषद शाळेमागचं मैदान. एका कडेला तुरीच्या कुटाराचा ढीग, त्यावर लहानगे चढून बसलेत. मधोमध फक्कीनं आखलेलं मैदान. पूर्णा खोऱ्यातली ही काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, पावसाळ्यात चप्पल गिळते. कबड्डीच्या लायकीची असते ती याच दोन महिन्यांत, तीही पाणी मारून, दाबून घेतली तर. आज इथं पंचावन्न किलो वजनगटाचे खुले सामने आहेत. खांबावर फ्लेक्स आहे. त्यात बक्षिसांचे आकडे मोठे आणि पुढाऱ्यांचे चेहरे त्याहून मोठे.

मी या शाळेत इंग्रजी शिकवतो. शेकोटीपाशी सातवीतली एक पोरगी बापाची शाल गुंडाळून उभी होती. तिनं विचारलं, “सर, वॉकओव्हर म्हंजे का होय? चालत येऊन रायले का थे?”

सगळे हसले. पण पोरीनं शब्द बरोबर फोडला होता. वॉक म्हणजे चालणं. वर्गात ज्यांना इंग्रजी वाक्य वाचताना घाम फुटतो, त्याच पोट्ट्यांच्या तोंडी मैदानावर दिवसभर इंग्रजी असतं : रेड, आऊट, टाय, फायनल, स्कोअर, हाफ टाइम. ते कुणी शिकवलेलं नाही आणि त्याची भीतीही नाही. हा व्हिडिओ त्या शब्दांचा आहे. हे शब्द कुठून आले ते पाहत गेलं, की देशादेशांतल्या खेळांचा इतिहास आपसूक हाती येतो.

(दृश्य : शाळेचं फाटक. दोन पोरं टेप धरून मारुतीच्या पाराकडे पळताहेत.)

आमच्या शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या पाराच्या थोडं पलीकडे हापशी आहे. पोरांनी टेपनं मोजलं, १९२ मीटर भरलं. एवढंच का मोजायला लावलं? कारण ग्रीसमधल्या ऑलिंपिया गावची पहिली शर्यत जवळपास एवढ्याच लांबीची होती. परंपरेनं तिचं साल इसवी सनापूर्वी ७७६ धरतात. जिंकणारा होता कोरोइबोस आणि तो स्वयंपाकी होता, असं सांगतात. त्या लांबीला ग्रीक लोक स्टेडियन म्हणत. पुढं शर्यतीचं नावही तेच पडलं, जागेचं नावही तेच झालं आणि त्यातूनच आजचा स्टेडियम आला. म्हणजे नागपूरजवळच्या जामठ्याला जे उभं आहे, त्याचं नाव मुळात एक माप आहे. आपल्याकडं नाही का, कोसावरचं गाव म्हणता म्हणता कोस हेच जागेचं ठिकाण होऊन बसतं, तसंच.

जिम्नॅशियमची गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग आवरायला मला दहा मिनिटं लागली. ग्रीक भाषेत जिम्नोस म्हणजे उघडा. ते खेळाडू अंगावर चिंधी न ठेवता खेळत. “लंगोट बी नाही?” मागच्या बाकावरून आलं. नाही बाबा, लंगोटही नाही.

पण ऑलिंपियाचे ते खेळ आंतरराष्ट्रीय म्हणायचे का? जमणारे सगळे ग्रीकच, भाषा एक, देवही सगळ्यांचे तेच. आंतरराष्ट्रीय या अर्थाचा इंग्रजी शब्द तर तेव्हा नव्हताच. इंटरनॅशनल हा शब्द जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंतानं घडवला, १७८९ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात. इंटर म्हणजे दोहोंच्या मधला, नेशन म्हणजे राष्ट्र. त्याच्या डोक्यात खेळ नव्हते, कायदे होते : दोन राष्ट्रांमधल्या व्यवहाराला कोणता कायदा लावायचा? गंमत अशी, की खेळांनाही पुढं नेमका हाच प्रश्न येऊन भिडला.

दोन देशांतला पहिला क्रिकेट सामना कुणाकुणात झाला, असं विचारलं तर पाराजवळच्या हॉटेलात शंभरातले नव्व्याण्णव इंग्लंड-ऑस्ट्रेलिया म्हणतील. तो नव्हे. १८४४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि कॅनडा खेळले आणि कॅनडा २३ धावांनी जिंकला. अमेरिका! पहिली कसोटी त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८७७ला मेलबर्नला.

मग कुबेर्तँ नावाच्या एका फ्रेंच सरदारानं १८९४ साली पॅरिसमध्ये परिषद भरवली आणि १८९६ला अथेन्समध्ये ऑलिंपिक पुन्हा सुरू झालं. चौदा देश आले. बायकांना प्रवेश नव्हता, तो चार वर्षांनी पॅरिसला मिळाला. अथेन्सची मॅरेथॉन जिंकली स्पिरिडॉन लुईसनं. घरोघर पाणी पोचवणारा गडी तो. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना त्याचं मोल जास्त कळेल, कारण आमच्या विहिरींचं पाणी खारट आणि गोडं पाणी आणायला आमच्या आज्यांनी किती मॅरेथॉनी पालथ्या घातल्या त्याची नोंद कुणी ठेवली नाही. मॅरेथॉन हे गावाचं नाव आहे आणि ते तिथल्या बडीशेपेवरून पडलं म्हणतात. बातम्यांत मंत्र्यांची मॅरेथॉन बैठक झाली की माझे विद्यार्थी आता बडीशेप, बडीशेप करतात.

(दृश्य : पुन्हा मैदान. पंच घड्याळ पाहतोय. यजमान संघ अंग गरम करतोय.)

आता येऊ वॉकओव्हरकडं. शब्द इंग्लंडच्या घोड्यांच्या शर्यतींतला. शर्यतीला एकच घोडा उरला, तरी बक्षीस हवं असेल तर स्वारानं त्याला सगळा मार्ग चालवत न्यायचा. पळवायची गरज नाही, चालला तरी जिंकला. आमच्या भागातल्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, शौकिनांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “असं बक्षीस घ्याले लाज वाटंन बावा.”

ऑलिंपिकच्या धावण्याच्या अंतिम शर्यतीत असं फक्त एकदा घडलं, १९०८ला लंडनमध्ये. चारशे मीटरची अंतिम शर्यत, चौघे धावपटू. तिघे अमेरिकन, एक ब्रिटिश लष्करातला विंडहॅम हॅल्सवेल. मार्गावर प्रत्येकासाठी वेगळ्या पट्ट्या आखलेल्या नव्हत्या. शेवटच्या वळणानंतर हॅल्सवेल पुढं जायला निघाला आणि कार्पेंटर नावाच्या अमेरिकनानं बाहेर सरकत त्याची वाट अडवली. पंचांनी ओरडून शर्यत रद्द केली. अमेरिकेच्या नियमांनुसार असं अडवणं चालत होतं, ब्रिटिश नियमांत नव्हतं. पंच सगळे ब्रिटिश. कार्पेंटर बाद झाला, दोन दिवसांनी पट्ट्या आखून शर्यत पुन्हा घ्यायची ठरली. उरलेले दोघे अमेरिकन आलेच नाहीत. हॅल्सवेल एकटा उभा राहिला, पिस्तूल झाडलं गेलं, तो एकटा धावला आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. मला राहून राहून वाटतं, समोर कुणी नसताना त्यानं ते शेवटचे शंभर मीटर कसे कापले असतील.

दोन्ही बाजू प्रामाणिक असतील, पण नियमाची वही वेगळी. भांडण तिथंच होतं. चार वर्षांनी, १९१२ला स्टॉकहोममध्ये धावपटूंच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली, ती अशी भांडणं पुन्हा होऊ नयेत म्हणून. आधी वही एक करा, मग धावा.

मॅरेथॉनचं अंतरही त्याच लंडनचं. विंडसर राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या बैठकीसमोर संपायची म्हणून ते ४२ किलोमीटर १९५ मीटर झालं आणि पुढं तेच पक्कं झालं. जग आज त्या राजवाड्यापायी पळतंय.

(दृश्य : कबड्डीपटूंचे पाय. एकाच्या नडगीवर खरवडल्याची जुनी खूण. कुणी बूट घातलेत, कुणी अनवाणी.)

स्टॉकहोमवरून आठवलं. हा जो समोर निळ्या बनियनमधला चढाईवाला दिसतोय, तो दिवसा कापसाचा काटा सांभाळतो आणि हंगामात दहा-बारा गावांचे सामने खेळतो. जिंकले तर वाटणीला काही शे रुपये येतात. जुन्या ऑलिंपिकच्या हिशेबानं हा गडी बाद! कारण तिथं फक्त अमॅच्युअर लागत, म्हणजे पैशासाठी न खेळणारे. जिम थॉर्प हा अमेरिकेतल्या आदिवासी घरातला खेळाडू. १९१२ला त्यानं पाच खेळांचं पेंटॅथलॉन आणि दहा खेळांचं डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी कळलं, की आधी तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. पदकं काढून घेतली. परत कधी दिली? १९८३ला, त्याच्या मुलांच्या हाती. तो १९५३लाच गेला होता. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं.

शिकणाऱ्यांनी हा शब्द जपून वापरावा. अमॅच्युअर फ्रेंचमधून आला, मुळात लॅटिनमधल्या प्रेम करण्यावरून. मराठीत आपण हौशी म्हणतो, तेही हौसेवरूनच. दोन लांबच्या भाषा एकाच जागी आल्या. पण आज इंग्रजीत एखाद्याच्या कामाला अमॅच्युअर म्हटलं तर बहुतेक वेळा कच्चं, नवशिकं असा टोमणा असतो. मला विचाराल तर ज्यांच्या घरी खायला होतं त्यांनी हौसेचा नियम केला आणि ज्यांच्या घरी नव्हतं त्यांची पदकं गेली.

(दृश्य : अमरावती. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा परिसर, मल्लखांबावर मुली.)

दर्यापूरहून एसटीनं निघालं की अमरावती. इथं १९१४ला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि त्यांनी तिथं कबड्डी, मल्लखांब अशी आपली प्रात्यक्षिकं दाखवली. ते साल जगाच्या लक्षात आहे ते जेसी ओवेन्सच्या चार सुवर्णपदकांमुळं, हिटलरसमोर जिंकलेल्या. आपल्याकडं लक्षात आहे ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला अंतिम सामन्यात ८-१ हरवल्यामुळं. अमरावतीच्या पोरांचं नाव पदकांच्या तक्त्यात सापडणार नाही. प्रात्यक्षिकाला पदक नसतं.

पण भाषेच्या बाजूनं पाहा. इंग्रजीला या खेळासाठी स्वतःचा शब्द नव्हता. कबड्डी हाच घ्यावा लागला. आणि आपल्याकडं तरी एक नाव कुठं होतं? आम्ही हुतूतू म्हणायचो, बंगालात हाडूडू, तमिळनाडूत सडुगुडु. नियम गावागणिक वेगळे, मेलेला गडी उठतो की नाही इथपासून वाद. हॅल्सवेलचंच दुखणं. बडोद्याला १९२३मध्ये लिखित नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा झाली, १९५०ला देशाचा महासंघ झाला आणि १९९०ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली. २०१४पर्यंत प्रत्येक वेळी भारतच सुवर्ण जिंकत राहिला. २०१८ला जकार्तात इराणनं आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत हरवलं, तेव्हा आमच्या पारावर सुतक होतं. मला मात्र त्या दिवशी कबड्डी खरी इंटरनॅशनल झाल्यासारखी वाटली. हे मी पारावर बोललो नाही.

नियमांची इंग्रजी वही मी पहिल्यांदा उघडली ती नवा मास्तर असताना. त्यात जागोजागी कँट, कँट. मी तो ‘शकत नाही’ वाला शब्द समजलो आणि वरचं उलट्या स्वल्पविरामासारखं चिन्ह गाळल्याबद्दल छापखान्याला मनात शिव्या घातल्या. दोन पानं लाल पेननं दुरुस्तही केली. मग व्याख्या वाचली : एका श्वासात, न तोडता, स्पष्ट ऐकू येईल असं कबड्डी, कबड्डी म्हणणं म्हणजे कँट. आपला दम! मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गाणं. ती लाल पेनाची वही अजून माझ्या कपाटात आहे, पोरांना दाखवायला.

आणि त्याच वहीत, इंग्रजी वाक्यांच्या गर्दीत, एक ओळखीचा चेहरा दिसला : लोना. आपलं लोण. समोरचा सगळा संघ बाद केला की जादा दोन गुण. इराणचा खेळाडू असो की केनियाचा, पंचानं लोना दिला की त्याला कळतं. निदानरेषेला त्यांनी बॉक लाइन केलं, चढाईला रेड केलं, पण लोणाला काही सुचलं नाही बहुतेक.

(दृश्य : रात्रीचे एक. शेकोटी विझत आलेली. पंच वहीत लिहितोय.)

बर्लिनला विदर्भ पुन्हा गेला २०२३ला. नागपूरचा ओजस देवतळे तिथं तिरंदाजीत जगज्जेता झाला. अंतिम फेरीत १५०पैकी १५०, आणि समोरच्याचे १४९. हे मी शेकोटीपाशी सांगत होतो, तेवढ्यात कुटाराच्या ढिगावरची पोरं ओरडली, “आले रे, आले!”

पांदण रस्त्यावर दोन दिवे हेलकावे खात येत होते. टेम्पोचं चाक वाटेत फुटलं होतं. चौदा जण उतरले, थंडीनं कुडकुडत, हाता-तोंडाला काळं लागलेलं. त्यांचा म्होरक्या सरळ पंचाकडं गेला, पण पंचानं वही बंद केली. नियम नियम असतो आणि वेळ दीड तासापूर्वीच संपली होती.

यजमानांचा निळ्या बनियनवाला चहाचा कप ठेवून उठला. म्हणाला, “बक्षिसाचं आमचं झालं गुरुजी, थे राहू द्या तसंच. पन येवढ्या दुरून आले पोट्टे. एक डाव होऊ द्या.”

माइकवाल्यानं विचारलं, “मंग का पुकारू?”

कुणी उत्तर दिलं नाही. सातवीतली ती पोरगी बापाची शाल सोडून रेषेजवळ जाऊन बसली. पुसट झालेली मध्यरेषा कुणीतरी पायानं आखली, नाणेफेक झाली आणि निळं बनियन कबड्डी, कबड्डी करत पलीकडं गेलं. वहीत वॉकओव्हर तसाच राहिला.