सत्काराचा फोन आणि राँग नंबर

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या सत्काराबद्दल, म्हणजे वार्षिक समारंभात दोन-चार जणांना स्टेजवर बोलवून ट्रॉफी आणि मानपत्र देतात ना, तेच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते मागच्या रांगेत बसून, कधी एकदाचं संपतंय असं म्हणत ऐकलं असेल, मीही तसंच ऐकायचे, पण मागच्या वर्षी मला निवड समितीत घेतलं आणि तेव्हापासून हा विषय काही डोक्यातून जात नाही.

टेबलावर अर्जांचा हा एवढा गठ्ठा. बहुतेक अर्ज ज्याचे त्याने स्वतः भरलेले, पदं, पुरस्कार, परदेश दौरे, सोबत मोठ्या लोकांबरोबरचे फोटो. ह्यात वाईट काही नाही हां, ज्याने काम केलंय त्याने ते सांगावंच. पण त्या गठ्ठ्यात एक साधं पाकीट होतं, आत वहीचे दोन कागद, हाताने लिहिलेले, आणि ते लिहिणारीने स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नव्हती, सगळं लिहिलं होतं ते तिच्या वर्गमैत्रिणीबद्दल. ती मैत्रीण ब्लड बँकेत टेक्निशियन, तीस वर्षं झाली, आणि तिच्याकडे एक जाडजूड वही आहे ज्यात दुर्मिळ रक्तगटाच्या लोकांची नावं आहेत.

बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकलाय का तुम्ही? १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. आपल्या लाल पेशींवर एच नावाचा एक घटक असतो, ए आणि बी हे त्याच्यावरच तयार होतात, आणि ह्या लोकांमध्ये तो एचच नसतो. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ते ओ ग्रुपचे वाटू शकतात, पण त्यांना ओ ग्रुपचं रक्तही चालत नाही, फक्त त्यांच्यासारख्याच माणसाचं चालतं, आणि अशी माणसं आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखादं. म्हणजे रात्री ऑपरेशन थिएटरमध्ये अशी पेशंट असेल तर जवळपास कोण आहे, त्याने शेवटचं रक्त कधी दिलं, तीन महिने होऊन गेलेत का, हे कुणाला तरी आधीपासून माहीत असावं लागतं. ते ह्या बाईंना माहीत असायचं.

ती वही मी नंतर बघितली. नाव, फोन, तारीख, इतपत तर कुणीही लिहील. पण बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात काय काय होतं... "रात्रपाळी असते, सकाळी फोन नको." "मुलीची परीक्षा, मार्चनंतर विचारणे." "सुईला घाबरतो, सोबत कुणीतरी बसावं." तीस वर्षांचं काम म्हणजे काय ते मला त्या पेन्सिलीच्या ओळी वाचून कळलं, अर्जात अशा गोष्टीसाठी रकानाच नसतो.

नाव एकमताने ठरलं, फोन मी केला. म्हटलं, ताई, कॉलेजतर्फे तुमचा सत्कार करायचं ठरलंय. पलीकडून अगदी शांतपणे, "नाही हो, राँग नंबर लागलाय तुम्हाला." आणि फोन ठेवला! परत लावला, नाव, बॅच, रोल नंबरसकट सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, आमच्या बॅचचे दोघं-तिघं खूप मोठे झालेत, त्यांना बोलवा ना. नंतर बोलता बोलता कळलं की तीस वर्षांत त्या एकदाही कॉलेजात आल्या नव्हत्या, कारण त्यांना वाटायचं की परत जायचं ते नाव कमावलेल्यांनी. मला फार लागलं ते. हे त्यांच्या मनात आलं कुठून? आपणच दरवर्षी स्टेजवर एकाच प्रकारची माणसं बसवली, त्यातूनच ना.

ॲल्युम्नस हा शब्द लॅटिनमधला आहे आणि त्याचा मूळ अर्थ पोसलेलं मूल असा आहे, आणि कॉलेजला अल्मा मातेर म्हणतात ती पोसणारी आई. आता आईला कुठलं लेकरू जास्त मोठ्या पदावर आहे हे विचारून बघा!

आणि ह्या संघटना सुरू कशा झाल्या तेही सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेज आहे, तिथली माजी विद्यार्थ्यांची संघटना १८२१ सालची, जगातली सगळ्यात जुनी मानतात. त्या वर्षी कॉलेजचे प्रेसिडेंटच काही विद्यार्थ्यांना घेऊन दुसरीकडे नवीन कॉलेज काढायला निघून गेले, विल्यम्स बंद पडायची भीती होती, तेव्हा शिकून गेलेली मंडळी गोळा झाली आणि म्हणाली आम्ही आहोत. सत्कारबित्कार सगळं नंतर आलं, पहिल्यांदा जमले ते कॉलेज अडचणीत होतं म्हणून.

दुसरी गोष्ट कॅथरिन जॉन्सन यांची, ही मी समितीतही सांगितली. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजमधून त्या गणित आणि फ्रेंच घेऊन पदवीधर झाल्या. तिथे क्लेटर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, त्यांनी हिची बुद्धी ओळखली आणि अवकाशाच्या भूमितीचा एक खास कोर्स तयार केला, ज्यात विद्यार्थिनी एकच, कॅथरिन. कृष्णवर्णीय मुलीला गणितातली संशोधक म्हणून काम कोण देणार, हे त्या काळात कुणालाच सांगता येत नव्हतं, तरी त्यांनी शिकवलं. पुढे ह्याच बाईंनी नासात अंतराळयानांचे मार्ग काढले, १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरायला निघण्याआधी म्हणाले होते की कॉम्प्युटरने काढलेले आकडे तिच्याकडून तपासून घ्या. १९८६ मध्ये त्या रिटायर झाल्या, आणि तेव्हा त्यांना ओळखणारे लोक किती, तर मोजके.

पण त्यांच्या कॉलेजने १९९९ मध्ये त्यांना त्या वर्षीचा उत्कृष्ट माजी विद्यार्थी हा मान दिला होता. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मोठं पदक मिळालं २०१५ मध्ये, मग पुस्तक, सिनेमा, सगळ्या जगात नाव, आणि २०१८ मध्ये शंभरी झाली तेव्हा कॉलेजच्या आवारात पुतळा. म्हणजे कॉलेजने सोळा वर्षं आधीच ओळखलं होतं, जगाच्या टाळ्यांची वाट नाही बघितली. मला वाटतं कॉलेजचा सत्कार असा असावा. जे सगळ्यांना आधीच दिसलंय त्याच्या गळ्यात अजून एक हार घालायला आपण कशाला हवेत?

बरं, पैसे देणाऱ्यांचं काय, हा प्रश्न येतोच. देणगी हीसुद्धा सेवाच आहे, त्यात दुमत नाही. नंदन निलेकणी १९७३ साली आयआयटी मुंबईत दाखल झाले होते, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी दिले, त्यातून किती जणांचं शिक्षण आणि संशोधन उभं राहील! अशांचे आभार मनापासून मानावेत. फक्त कामाचा सन्मान वेगळा ठेवावा आणि कॉलेजसाठी केलेल्या मदतीचा वेगळा, बाहेरच्या काही विद्यापीठांत तसं करतातही, प्रिन्स्टनमध्ये देशसेवेत घातलेल्या करिअरसाठी १९५६ पासून स्वतंत्र पुरस्कार आहे, येलमध्ये विद्यापीठाची सेवा करणाऱ्यांसाठी १९५२ पासून वेगळं पदक आहे. एकत्र केलं की पोरांना वाटतं ट्रॉफी विकत मिळते, आणि मग खरंच कमावणाऱ्याची ट्रॉफीही हलकी होते.

आता मानपत्र. पहिला मसुदा मीच लिहिला होता, निरपेक्ष सेवा, अविरत परिश्रम, समाजाप्रती बांधिलकी, सगळं होतं त्यात. ज्यांनी ते पत्र पाठवलं होतं त्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवला, तर त्या जरा वेळ गप्प, मग म्हणाल्या, "छान आहे, पण हे कुणाचंही असू शकतं ना?" रात्री बसून पुन्हा लिहिलं. ह्या वेळी त्यात वही आली, पेन्सिल आली, सुईला घाबरणारा तो माणूस आला (नाव न घेता), आणि मानपत्र निम्म्यावर आलं. समारंभात ते वाचलं तेव्हा मागच्या रांगेतली मुलंही मोबाईल खाली ठेवून ऐकत होती, मी स्वतः बघत होते. म्हणून कुणी मानपत्र लिहायला घेणार असाल तर एवढं करा, त्या माणसाबरोबर काम केलेल्या एकाला तरी आधी फोन करा.

आणि भाषणाचा आग्रह धरू नका. ह्या ताईंना भाषण जमत नव्हतं, त्यांनी स्टेजवर फक्त थँक्यू म्हटलं आणि खाली बसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बोलावलं होतं, तिसऱ्या वर्षाची वीस-बावीस मुलं, तिथे त्या दोन तास बोलत होत्या, उभ्याने! काचेच्या स्लाईडवर रक्ताचा थेंब कसा गोळा होतो, आणि दमलेलं असताना लेबल वाचताना डोळे कसे फसवतात म्हणून त्या अजूनही लेबल मोठ्याने वाचतात, हे त्यांनी करून दाखवलं. एका मुलीने विचारलं, मॅडम, कंटाळा नाही येत का. तर म्हणाल्या, येतो की, रोज येतो, पण वही उघडली की त्यातली माणसं दिसतात. मग त्याच मुलीने विचारलं, वहीची कॉपी आहे का? नव्हती. तीस वर्षांची वही, एकच. त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी पुढचे चार रविवार त्यांच्या शेजारी बसून, एकेका माणसाला फोन करून, त्यांची परवानगी घेऊन, सगळी वही कॉम्प्युटरवर घेतली, पेन्सिलीच्या ओळींसकट.

तर मंडळी, ह्या वर्षीच्या नावांची वेळ जवळ आलीये, बऱ्याच कॉलेजांत आता हेच चालू असेल. तुमच्या बॅचमधलं असं एखादं नाव डोळ्यांसमोर आलं असेल तर त्याला विचारत बसू नका, तो नाहीच म्हणेल. तुम्हीच लिहा, साध्या कागदावर लिहा, फोटो नसला तरी चालेल. तो नेमकं काय करतो ते लिहा, आणि ते काम डोळ्यांनी बघितलेल्या एखाद्या माणसाचा फोन नंबर खाली द्या. आमच्या समितीत तरी आता पहिल्यांदा हाताने लिहिलेली पाकिटं उघडायची असं ठरलंय.

नमस्कार.