अळणी गाडी

(पडद्यावर: अंबाजोगाई, सकाळचे सात. अंगणात पांढरी पोलो, एमएच 44 पासिंग. दार उघडतं. लागतं.)

ऐका. पुन्हा एकदा ऐका.

हा आवाज आम्ही या अंगणात अकरा वेळा घेतला. शेजारी लाल स्विफ्ट उभी आहे, तिचं दार पत्र्याच्या पेटीचं झाकण पडावं तसं वाजतं. हिचं दार म्हणजे ज्वारीचं भरलेलं पोतं ओट्यावर टेकवल्यासारखं. धप्प, आणि मग काही नाही.

पोलो सरांची. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत, आणि गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. गाडी 2015 ची, दीड लिटरची डिझेल. लाल स्विफ्ट जावयांची, 2018 ची पेट्रोल. दिवाळीला दोन्ही गाड्या एका अंगणात आल्या की विषय निघतोच.

"मामा, गाडी दणकट हाय, आमी कुठं नाही म्हणायलो. पण लई अळणी हाय वो. मजाच नाही तिच्यात."

सर हसतात. पुसण्याचं फडकं झटकतात.

(जुने फोटो: वोल्फ्सबुर्ग, कारखान्याच्या चिमण्या, बीटल, पहिली गोल्फ.)

अळणीपणाचा हा आरोप अंबाजोगाईत लागण्याच्या कितीतरी आधी युरोपात लागला होता. 1974 साली फोक्सवॅगननं, म्हणजे पोलो बनवणाऱ्याच जर्मन कंपनीनं, गोल्फ आणली. त्याआधीची बीटल म्हणजे मागे इंजिन, वाऱ्यानं थंड होणारं, आणि सगळं अंग गोल. गोल्फमध्ये इंजिन पुढं आलं, आडवं बसलं, पुढचीच चाकं ओढू लागली. रूप जुजारो या इटालियन माणसाचं. फोटो नीट बघा, फूटपट्टी घेऊन काढलेली गाडी वाटते. पुढच्याच वर्षी पोलो आली. तीही मुळात आउडी 50 होती, साधे कपडे घातलेली.

नंतर पिढ्या बदलल्या, चेहरा मात्र फारसा हलू दिला नाही. गिऱ्हाइकाची कालची गाडी आज जुनाट दिसू नये, हा त्यातला हिशेब. सरांना तो एका वाक्यात कळला. जावयांना अजून कळायचाय.

पण 1998 साली फोर्डची फोकस आली आणि आरोपाला दात आले. रिचर्ड पॅरी-जोन्स या अभियंत्यानं तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन दिलं होतं. त्या वेळच्या चौथ्या गोल्फला मागं साधी पिळाची तुळई, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला खबर. वळणावर फोकस चालवणाऱ्याला हसू यायचं. गोल्फ फक्त घरी पोचवायची. 2003 च्या पाचव्या गोल्फला मागं स्वतंत्र सस्पेन्शन आलं. आरोप खोटा असता तर एवढा खर्च कोण करतं?

(ड्रोन: शेंद्रा एमआयडीसी, जालना रस्ता, ट्रेलरवर चढलेल्या गाड्या.)

आता आपल्या गावाकडं. छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात 2001 पासून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया जोडल्या जाऊ लागल्या, पुढं त्याच आवारात आउडीही. म्हणून आपल्याकडं पुष्कळांना वाटतं की पोलो शेंद्र्याची. सरांनाही वाटायचं. पोलो चाकणची. ती भारतात 2010 साली आली, त्याच वर्षी तिला युरोपात आणि जगातही वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं गेलं होतं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संभाजीनगरातल्या लोकांनी एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. जर्मन गाडीचं आपल्याला वावडं नव्हतं, एवढंच सांगायचंय.

खरं सांगायचं तर पहिली पेट्रोल पोलो खरोखरच मिळमिळीत होती. तीन सिलिंडर, 75 अश्वशक्ती, अंगानं जड. स्विफ्टला चार सिलिंडर, 85 अश्वशक्ती, वजन कमी. सिग्नलवरून स्विफ्ट सुटायची आणि पोलोवाला गिअर शोधत बसायचा. ह्युंदाईच्या आय-20 च्या मागच्या सीटवर तिघं ऐसपैस बसायचे. शोरूममध्ये दहा मिनिटांत निकाल लागायचा.

(गॅरेज. दोन्ही गाड्या मागून जॅकवर. मिस्त्रींचा हात, बॅटरीचा उजेड.)

हे दृश्य आमच्या आग्रहाखातर. मिस्त्रींनी दोन्ही गाड्या एकदम मागून उचलल्या. उजेड आधी स्विफ्टखाली, मग पोलोखाली. दोन्हीकडं तीच पिळाची तुळई, तेच स्प्रिंग, तेच शॉकॲब्सॉर्बर. पोलोला मोठ्या गोल्फचं महागडं सस्पेन्शन कधी मिळालंच नाही.

"हाडं सारखीच हायेत बगा," मिस्त्री म्हणतात. "अंगावरलं मास येगळं."

ते मास म्हणजे वजन. जावयांची स्विफ्ट 900 किलोच्या आत, सरांची पोलो 1100 च्या वर. आणि स्प्रिंग कितपत कडक ठेवायचं, शॉकॲब्सॉर्बरनं उसळी किती लवकर दाबायची, हा बेत. कागदावर तो दिसत नाही.

(केज सोडल्यावरचा रस्ता. मांजरसुंबा घाट. कॅमेरा मागच्या सीटवर.)

तो इथं दिसतो. ऊस भरलेले ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल कपडा. सर तिसऱ्या गिअरमध्ये, अंगठा आणि दोन बोटं स्टीअरिंगवर. 230 न्यूटन-मीटरचा ओढा आहे, ट्रॅक्टर ओलांडताना इंजिन ओरडत नाही. डॅशबोर्डवर पाण्याची अर्धी बाटली ठेवली होती. वळणावर ती एकदाच सरकली. तोच घाट, तीच बाटली, जावयांच्या गाडीत पहिल्याच वळणाला पायाशी. खरं तर जावई खुशीत होते, हलकी गाडी, पटकन वळते, हातात खेळणं आल्यासारखं. मजा कशाला म्हणायची, इथंच दोघांचं बिनसतं. सरांना वाटतं, बीड आलं तरी थकवा आला नाही, ही मजा.

(बीड बायपासचा ढाबा. दोन्ही गाड्या उन्हात.)

बाकीचं थोडक्यात. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेनं, एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे दिले, एअरबॅगवालीला चार. मग दोन एअरबॅग सगळ्या पोलोंना आल्या. 2015 ला डिझेलच्या धुराचं प्रकरण झालं, फोक्सवॅगननं धुराच्या चाचणीत लबाडी केल्याचं उघड झालं, भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या गेल्या. सुट्या भागांची बिलं सरांनी फायलीत लावून ठेवलीत, फाईल जाड आहे. 2022 मध्ये पोलो इथं बंद झाली.

(संध्याकाळ. पुन्हा तेच अंगण. पोलो आत येते.)

मागच्या सीटवर सरांच्या आई होत्या, बीडहून परत येताना. पुढची सीट सरांच्या उंचीप्रमाणं मागं ओढलेली, त्यामुळं आजींचे गुडघे सीटच्या पाठीला टेकलेले. हे आम्ही मुद्दाम चित्रित केलं नाही, कॅमेरा तिथंच होता.

"पायाला मुंग्या आल्या रं," आजी म्हणतात. "जावयाच्याच गाडीत बसायला पायजे हुतं."

सर हात पुढं करतात. आजी उतरतात, पदर सावरतात, वळून दार ढकलतात.

(आवाज.)