वन्स मोअरला दहा मिनिटं

(इंग्लंडमधल्या एका मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार.

तुमच्या चिटणीसबाईंनी फोनवर विषय सांगितला, 'बदलत्या काळात विनानफा कलासंस्थेचं नेतृत्व'. मला वाटलं, यांचा नंबर चुकला. आमची संस्था म्हणजे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावचं नाट्यमंडळ. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, एक खोली, तीन लोखंडी ट्रंका आणि एक बाजाची पेटी, एवढी आमची मालमत्ता. मी बँकेत कारकून होते. जमाखर्च लिहायला कुणी मिळेना म्हणून मंडळाने मला खजिनदार केलं आणि पुढे अध्यक्ष. अध्यक्षपद ठरावाने मिळालं, ट्रंकांच्या किल्ल्या मात्र सहा महिन्यांनी. आधीचे अध्यक्ष सव्वीस वर्षं त्या किल्ल्या जानव्याला बांधून हिंडत होते.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर चहाच्या वेळी कुणीतरी विचारणारच. आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि रंगमंचावर मराठी. मांजर हाकलताना कोंकणी, दरबार भरला की मराठी. बाहेरच्यांना यात वाद दिसतो. वाद आहेतही, पण तालमीत ते कधी आलेले मी पाहिले नाहीत.

बदलता काळ आमच्याकडे आला तो घड्याळातून. पूर्वी जत्रेचं नाटक पालखी देवळात परतली की सुरू व्हायचं, म्हणजे साडेबारा-एकला. शेवटचा पडदा पडायचा तेव्हा उजाडायला आलेलं असायचं. बायका पोरांना चटईवर निजवून नाटक बघायच्या. अशी कित्येक नाटकं आहेत ज्यांचा दुसरा अंक मला अजून ठाऊक नाही.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सणाउत्सवासाठी राज्य सरकार वर्षाला फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्या पंधरांत आपली जत्रा बसली तर बसली. काही वर्षं गावोगाव काणाडोळा झाला, मग तक्रारी होऊ लागल्या. माझ्या आधीच्या पिढीने याला धर्मसंकट मानलं. मला ते कधी पटलं नाही. देवळामागच्या घरात एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिला पदांचा त्रास नव्हता, जनरेटरचा होता, पण रात्रभर होता.

तेव्हा नाटक साडेआठला उघडायचं ठरलं. त्यासाठी पालखी लवकर निघायला हवी आणि पालखीची वेळ हा महाजनांचा, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरेच्या सभासदांचा, प्रश्न. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार अजून पोर्तुगीज काळातल्या नियमांनी चालतो. महाजनांची सभा, तिचा ठराव, वर प्रशासक म्हणून मामलेदार. मंडळाचं पत्र घेऊन मी तिथे गेले असते तर आजही उत्तराची वाट बघत बसले असते. मी पालखीला खांदा देणाऱ्या पोरांकडे गेले. त्यांतल्या चौघांना नाटकात कामं होती. पालखी उशिरा आली तर मावळ्यांचे मेकअप कधी व्हायचे? तीच पोरं महाजनांशी बोलली. पालखी आता सातला परत येते.

राहिला प्रश्न साडेआठ ते बारा या साडेतीन तासांचा. संगीत नाटक साडेतीन तासांत म्हणजे पदं कापणं आलं. आमच्याच तालुक्यात मंगेशी आहे. दीनानाथांचं आणि अभिषेकीबुवांचं गाव. तिथल्या माणसाला 'पद कापलं' म्हणून सांगायला छाती लागते. पहिल्या वर्षी मी पदं राखली आणि निवेदनात विनंती केली की कृपया वन्स मोअर देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा माझ्या अंगणात. बसले नाहीत, चहाही घेतला नाही. म्हणाले, "वन्स मोअर ना जाल्यार संगीत नाटक कित्याक गो?"

वन्स मोअर नसेल तर संगीत नाटक कशाला? उत्तर नव्हतं. मग मी त्या रात्रीचा जमाखर्च काढला, पैशांचा नव्हे, मिनिटांचा. नारळ, निवेदन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, देणगीदारांची यादी, आभार, मिळून सत्तेचाळीस मिनिटं. पुढच्या वर्षीपासून सगळे सत्कार बंद. देणगीदारांची यादी देवळाच्या फळ्यावर. वन्स मोअरला दहा मिनिटं राखीव. अध्यक्ष म्हणून मी केलेलं एवढं एकच काम मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. त्यापायी दोन आमंत्रित पाहुणे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

घड्याळाचा दुसरा फेरा नोकऱ्यांचा. पूर्वी पात्रं म्हणजे बागायतदार, शाळामास्तर, दुकानदार. दिवे लागले की मोकळे. आता आमचा संभाजी मांडवी नदीतल्या एका कॅसिनोत पत्ते वाटतो. खरंच. गेल्या साली ऐन जत्रेच्या दिवशी त्याची रजा नामंजूर झाली. त्याने कुणाशी तरी पाळी बदलून घेतली आणि आठ वाजून दहा मिनिटांनी मोटरसायकलवरून आला. अंगात काळं जाकीट, गळ्यात बो. मेकअपमनने त्याच अवस्थेत त्याला खुर्चीत बसवलं, एकाने बूट काढले, एकाने चिलखत चढवलं. विंगेतून बघताना मला दिसलं की दरबारात तो फर्मान पुढे करतो ते दोन बोटांनी, अलगद सरकवत, पत्ता द्यावा तसं. मी दिग्दर्शकाला म्हटलं, राहू दे. राजाला शोभतंय.

तालमी आता सोमवार-मंगळवारी, रात्री दहानंतर. शनिवार-रविवार हॉटेलांचे. स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणाऱ्या, कलाकाराची नाईट (एका प्रयोगाचं मानधन) द्यायची, ड्रेपरीचं म्हणजे पोशाखांचं भाडं, लाईटवाला, ऑर्गनवाला. खर्च वाढला तो सगळा इथे.

पैशाकडे येते. एका साली एक बिल्डर आला. गावाच्या वर डोंगरावर त्याचे बंगले चालले होते. म्हणाला, नाटकाचा सगळा खर्च माझा. अटी दोनच. रंगमंचाच्या कपाळावर त्याचा फलक आणि दोन अंकांच्या मध्ये त्याचं मनोगत. आम्ही घेतले. तेव्हा मी खजिनदार होते, सही माझीच आहे. नाटक झकास झालं, नवे पडदे आले. पण त्या साली वर्गणीला गेलेली पोरं रिकाम्या हाताने परत आली. दारोदार एकच उत्तर, 'त्याणें दिल्यात न्ही?' (त्याने दिलेत ना?) पुढच्या साली बंगले विकून झाले आणि बिल्डरचा फोन लागेना. घरं मात्र सुटली ती सुटलीच. दोनशे रुपयांची वर्गणी परत सुरू करायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि ज्यांनी पुन्हा दिलीच नाही त्यांतली काही घरं नाटकालाही येत नाहीत.

म्हणून मी आता रक्कम मोजत नाही, घरं मोजते. एका घराने दोन हजार देण्यापेक्षा दहा घरांनी दोनशे दिलेले मला बरे. दोनशे देणारा माणूस तालमीत डोकावतो, पडदा कुठे फाटलाय ते सांगतो, वाईट काम करणाऱ्याला बाजारात सुनावतो. आमचे तियात्रवाले, म्हणजे कोंकणी नाटकवाले, भाऊबंद याहून वेगळे. १८९२ पासून ते तिकिटांवर उभे आहेत आणि लोकांना आवडलं नाही की त्यांना त्याच रात्री कळतं. आमचं नाटक फुकट. आवडलं नाही हे आम्हाला वर्गणीच्या वहीतून कळतं, वर्षभराने.

कंपन्यांकडून सामाजिक जबाबदारीचा निधी का घेत नाही, असं इथे काल एकाने विचारलं. २०१३ च्या कंपनी कायद्यात कला आणि संस्कृतीचा उल्लेख आहे, खरं आहे. एकदा अर्ज भरायला बसले. 'लाभार्थींची संख्या' असा रकाना होता. चटईवर बसून वन्स मोअर ओरडणाऱ्या माणसाला लाभार्थी कसं म्हणायचं? अर्ज तसाच राहिला. हा माझा आळसही असेल.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला वाटत असेल, बाई देणगी मागायला आल्यात. मागितली असती, पण घेता येत नाही. गोष्ट पासपोर्टाची आहे. आमच्या गावचे दोन चुलतभाऊ. एक दुबईत, भारतीय पासपोर्टवर. तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत वर्गणी पाठवतो आणि कायद्याने ती परदेशी देणगी ठरत नाही. दुसरा स्विंडनला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, तसं आजोबांमुळे त्याला मिळालं आणि ब्रेक्झिटच्या आधी तो इकडे आला. लहानपणी आमच्याच नाटकात तो बालशिवाजी झाला होता. आज त्याचे दोनशे रुपये म्हणजे परदेशी देणगी. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तेच. ते घ्यायचे तर मंडळाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी हवी, दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं हवं आणि नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत पंधरा लाखांचा खर्च दाखवायला हवा. पंधरा लाखांत आम्ही किती जत्रा काढू!

तो चवथीला, म्हणजे गणपतीला, गावी येतो तेव्हा पाकीट काढतो आणि मी नको म्हणते. दोघांनाही वाईट वाटतं. गेल्या चवथीला मी त्याला म्हटलं, पैसे राहू देत, चार दिवस आहेस तर ट्रंकांतली चिलखतं घासून दे. त्याने दिली. बायकोला आणि मुलीलाही बसवलं. ती मुलगी इंग्रजीत विचारत होती की हे खरं लोखंड आहे का. पत्रा आहे गो, म्हटलं.

बाहेर गेलेल्यांनी पैसेच पाठवावेत असं कुठे आहे? दि गोवा हिंदू असोसिएशन १९१९ साली मुंबईत स्थापन झाली. तेव्हा मध्ये पोर्तुगीज हद्द होती, म्हणजे आमच्या लोकांना मुंबई हे परदेशच. त्या लोकांनी स्वतः रंगभूमी उभी केली. १९७० साली 'नटसम्राट' पहिल्यांदा रंगमंचावर आणलं ते याच संस्थेने. हे सांगताना मला तुमच्या मंडळाच्या एकांकिकांची आठवण होतेय. काल रंगीत तालीम बघितली. तिसऱ्या रांगेच्या मागे ऐकू येत नाही, तेवढं बघा.

एक चूक कबूल करायची आहे. नव्या पोरांचं बरंच शिक्षण इंग्रजीत. संहिता हातात दिली की अडखळतात. एका पोराने आपलं स्वगत आजीकडून फोनवर बोलून घेतलं आणि कामावर जाता-येता कानात घालून पाठ केलं. मी चिडले. संहिता डोळ्यांनी वाचायची असते, असं सगळ्यांदेखत सुनावलं. प्रयोगात त्याचं स्वगत ऐकलं आणि गप्प झाले. विराम आजीचे होते. वाचून पाठ केलेलं कुठे संपतं ते मला विंगेतून कळतं. याचं कळलं नाही. आता आमच्या तीन आज्या प्रत्येक नाटकाची वाक्यं फोनवर बोलून देतात, आणि त्यांच्यात उच्चारावरून भांडणं लागतात.

तुमच्याकडे ठरावीक वर्षांनी समिती बदलते, आणि त्या वेळी भांडणंही होतात म्हणे. होऊ द्यात. आमच्याकडे सव्वीस वर्षं भांडण झालं नाही, कारण किल्ल्या एकाच जानव्याला होत्या. निघण्याआधी मी त्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीला दिल्या. पहिल्याच दिवशी तिने तिन्ही ट्रंका रिकाम्या केल्या. दोन शालूंना कसर लागली होती, हे मला नऊ वर्षांत दिसलं नव्हतं. तळाशी जुन्या हस्तपत्रिकांचा गठ्ठा निघाला, त्यांत माझ्या वडिलांचं नाव, स्त्रीपार्टी म्हणून. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

ती आता हे सगळं स्कॅन करतेय. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर गोव्यातल्या नाटकांच्या हस्तपत्रिका, फोटो, कॅसेटी असतील तर तिला हव्या आहेत. मूळ तुमच्याकडेच ठेवा, फोटो काढून पाठवा. याला पासपोर्ट लागत नाही.

मला परवाच्या विमानाने परत जायचंय. सोमवारी तालीम आहे, आणि किल्ल्या तिच्याकडे असल्या तरी पेटी माझ्या घरी राहिलीय.