लोट्यातले सदतीस मणी

(उदगीर इथं झालेल्या व्याख्यानाच्या एका भागाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या लोट्यात 18 तांबडे मणी आहेत, 18 काळे आणि एक हिरवा. एकूण 37. युरोपातल्या रूलेट या जुगाराच्या चाकावर एवढीच घरं असतात, शून्य ते 36. शून्याचं घर हिरवं. अमेरिकेत शून्यं दोन, म्हणून घरं 38.

एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला, तर 35 रुपये मिळतात, शिवाय आपला रुपया परत. हातात 36. घबाडच वाटतं. आता 37 घरांवर एकेक रुपया मांडा. गेले 37, आले 36. चाक कुठंही थांबो, एक रुपया मालकाचा. यात लबाडी नाही, चाक अगदी चोख आहे. फक्त भाव एका घरानं कमी दिलाय. आडतीवर कडता कापतात ना, तसा हा शेकडा 2.7 रुपयांचा कडता. दोन शून्यांच्या चाकावर 5.26. पण आडतीवर एका मालाला तो एकदाच कापतात. इथं तीच नोट प्रत्येक डावाला काट्यावर चढते. शंभराचे 300 डाव खेळलात, तर 30,000 रुपये फिरले आणि सरासरीनं 811 गेले.

आता मणी काढतो. काळा. बघितला, परत टाकला. पुन्हा काळा. टाकला. पुन्हा काळा... हं, मागून कुणीतरी म्हणालं, "आता तांबडाच!" कसा काय? आत तेच 18, 18 आणि एक. 18 ऑगस्ट 1913 ला मोंटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटच्या चाकावर लागोपाठ 26 वेळा काळं लागलं. लोक तांबड्यावर पैसे ओतत राहिले आणि बुडाले.

आपल्याकडं पावसाचाही असाच हिशेब मांडतात. 2014 कोरडं गेलं, आता 2015 भरपाई करेल, असं कितीतरी जण म्हणत होते. तेही कोरडंच गेलं आणि 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पावसामागं निदान समुद्राची, वाऱ्याची कारणं तरी असतात.

"सर, हरलं की दुप्पट लावायचं, एकदा तरी लागेलच," असं म्हणत गेल्या दिवाळीत एक पोरगा माझ्याकडं आला होता. मोबाइलवर चक्रीचा जुगार खेळायचा. त्याला मी चोख चाकाचा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. रंगावर लावलं तर लावले तेवढेच वर मिळतात. तांबड्यावर 100 पासून सुरुवात करून सात डाव हरले की 12,700 गेले. आठव्याला 12,800 लावायचे आणि जिंकलं तर एकूण कमाई 100 रुपये. लागोपाठ सात हार साधारण 106 वेळांत एकदा येते. तो बराच वेळ पाटीकडं बघत राहिला. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे आधीच संपले होते.

आणि त्याला तर लोटाही दिसत नव्हता. मोबाइलच्या आत मणी किती, कोणत्या रंगाचे, हे कोण मोजणार?

हा लोटा आता पहिल्या रांगेपासून फिरवतो. आधी मणी ओतून मोजा, मग हात घाला.