ड्रममधला एक इलेक्ट्रॉन

(दृश्य: आष्टी तालुक्यातली एक गल्ली. मे महिना, सकाळ. दारोदार निळे ड्रम.)

टँकर आला की आधी कुणाचा ड्रम भरायचा, यावरून इथं वाद ठरलेला. "मावशी, भरला की तुमचा, पाईप द्या इकडं!" मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पाणी काठाला टेकल्याशिवाय पाईप सोडायचा नाही.

(दृश्य: ड्रमवर झाकण, झाकणावर दगड.)

200 लिटर पाणी. त्यात इलेक्ट्रॉन किती? 67 वर 27 शून्यं, साधारण एवढे. यातला एखादा आपोआप नाहीसा होईल का?

शाळेतलं उत्तर: नाही. जड कण फुटून हलके कण होतात, पण विद्युतभाराचा हिशेब जुळावा लागतो. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, आणि भार असलेल्या कणांत त्याच्याहून हलका कुणी आपल्याला माहीत नाही. तो गेला तर त्याचं ऋण अंगावर घ्यायला वारसच नाही. म्हणून तो मरत नाही.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. 2000 साली दुबोव्स्की, रुबाकोव्ह आणि तिन्याकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी एक शक्यता मांडली. आपलं जग म्हणजे लांबी-रुंदी-उंचीहून जास्त मितींच्या अवकाशातला एक पातळ पडदा असेल, तर इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे निसटू शकतो. ड्रमला बारीक चीर पडली की पाणी जमिनीत मुरतं. पाणी असतंच, फक्त ड्रममध्ये नसतं. तसा भारही पलीकडे शाबूत, आपल्या वहीत मात्र तूट.

दुसरी कल्पना अशी, की इलेक्ट्रॉन मोडून एक न्यूट्रिनो (भार नसलेला, अतिशय हलका कण) आणि एक फोटॉन (प्रकाशाचा कण) व्हावा. हे तपासता येतं, कारण त्या फोटॉनची ऊर्जा ठरलेली: 256 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक). इटलीत ग्रान सासो डोंगराखाली, 1400 मीटर खडकाच्या आड, बोरेक्सिनो नावाचा प्रयोग होता. तिथं सुमारे 280 टन द्रव साठवलेला, कणाचा धक्का लागला की लुकलुकणारा. त्यात ही खूण शोधली. सापडली नाही. 2015 साली निष्कर्ष आला: या वाटेनं इलेक्ट्रॉन मरत असेलच, तर त्याचं सरासरी आयुष्य निदान 66 वर 27 शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय अवघं 1380 कोटी!

ओकुन आणि झेल्दोविच या भौतिकशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच बजावलं होतं, की इलेक्ट्रॉनचा ऱ्हास इतका नीटनेटका नसेल. असंख्य क्षीण फोटॉन उधळले जातील. म्हणजे आपण शोधतोय ती खूणच चुकीची असू शकते. मला ही शंका रास्त वाटते.

(दृश्य: पुन्हा मावशींचं दार.)

आता ते दोन आकडे शेजारी ठेवा. 67 वर 27 शून्यं इलेक्ट्रॉन, 66 वर 27 शून्यं वर्षं. हा ड्रम न उघडता ठेवला, तर त्या वाटेनं वर्षाला सरासरी फार तर एक इलेक्ट्रॉन जाईल. मावशींना हे सांगितलं. त्यांनी दगड उचलून बाजूला ठेवला, तांब्या बुडवला.

"वर्षभर कुठं टिकतंय रे लेकरा. परवापर्यंत पुरलं तरी लई झालं."