पास रविवारीही चालतो

(डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले, त्यामुळे कुठेही गेलो की आधी मोजदाद होते. समोर साधारण दीडशे माणसं बसली आहेत. एकानेही तिकीट काढलेलं नाही. पंखे फिरताहेत, माईक चालू आहे, आणि नंतर चहा आहे असं मघाशी कार्यवाहांनी कानात सांगितलं. आजचा विषय ‘पैसे वाचवताना फुकटात आणि स्वस्तात मजा’ असा आहे. त्याचं प्रात्यक्षिक तुम्ही आधीच सुरू केलंय, मी बोललो नसतो तरी चाललं असतं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. म्हणजे संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावं आणि जाता जाता व्याख्यान ऐकून यावं, ही मराठी माणसाची चैन दीडशे वर्षांची झाली.

आता माझी फजिती सांगतो.

१९८६ला लग्न झालं. ८८ला इथे पूर्वेला, स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर, वन रूम किचन घेतलं. हप्ता पगारातूनच कापून जायचा. गावी आईवडिलांना मनीऑर्डर जायची. उरलेल्यातून बचत करायची म्हणून मी घरात फर्मान काढलं. सिनेमा बंद, हॉटेल बंद, रविवारचं बाहेर जाणं बंद. हिचा गजरासुद्धा बंद केला, आणि हे आज तिच्यासमोर सांगताना लाज वाटते. (ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मान हलवते आहे, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.) अकरा महिने हे चाललं. बाराव्या महिन्यात दसरा आला. एका दुकानात रंगीत टीव्ही हप्त्याने मिळतोय असं कळलं आणि फर्मान काढणारा मीच तो घेऊन घरी आलो. अकरा महिन्यांत जमलेलं सगळं पहिल्या भरण्यात गेलं, वर दोन वर्षं हप्ते फेडत बसलो. उपास फार कडक केला की पारण्याला माणूस चार घास जास्तच खातो, तसं झालं. बँकेच्या काउंटरवर पुढे अनेक वर्षं पाहिलं, खात्यात महिनोन्‌महिने थोडं थोडं साठतं आणि एका दिवशी सगळं निघून जातं. मजा अजिबात कापून टाकली की बचत टिकत नाही, हे मी त्या टीव्हीकडून शिकलो. कार्यक्रम मात्र त्यावर फारसे चांगले नव्हते.

मग एकदा ही सहज म्हणाली, “अहो, तुमचा पास रविवारी चालतो का?”

चालतो. अर्थात चालतो. लोकलचा पास, डोंबिवली ते व्हीटी (आताचं सीएसएमटी), महिन्याच्या तिसाच्या तीस दिवस चालतो. पण आठवड्यातले सहा दिवस लोंबकळून गेलेला माणूस सातव्या दिवशी त्या गाडीचं नावही काढत नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांच्या आतली, तिला तिकीट नव्हतं. माझं भाडं भरलेलंच होतं. म्हणजे तिघांची मुंबई एका रिटर्न तिकिटात.

ही वही बघा. लाल कापडी पुठ्ठ्याची. अक्षर हिचं आहे. वाचून दाखवतो. ‘रविवार, २० जानेवारी १९९१. माझं रिटर्न तिकीट. शेंगा २ रु. चहा दोन, ३ रु. फुगा १ रु. (फुटला.) थालीपीठं घरची.’ तिकीट सोडून सहा रुपये. त्या सहा रुपयांत काय काय झालं, ते जरा सविस्तर सांगतो.

आम्ही व्हीटीला उतरलो आणि बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. ज्या इमारतीतून मी रोज मान खाली घालून पळायचो, तिच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, हे मला माझ्या चार वर्षांच्या मुलीने, चिनूने दाखवलं. भिंतीवर मोर सापडला, माकडं सापडली. हे नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे, हे मला खूप नंतर समजलं. २००४मध्ये त्या स्टेशनाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा मी ऑफिसात ऐटीत म्हणालो, “आमच्याकडे तेरा वर्षांपूर्वीच मिळालाय.”

रविवारचा फोर्ट तुम्ही पाहिलाय का? ऑफिसं बंद, रस्ते रिकामे, सावल्या लांब. हॉर्निमन सर्कलच्या बागेत थालीपीठं खाल्ली. तिथून काळ्या घोड्याकडे. तिथे तेव्हा घोडा नव्हताच, फक्त नाव होतं. मूळ पुतळा, घोड्यावर बसलेला इंग्लंडचा राजपुत्र, १९६५मध्ये तिथून काढून भायखळ्याला राणीच्या बागेत ठेवला. आज जो आहे तो २०१७चा, आणि त्यावर स्वारच नाही. मुलीने विचारलं, “बाबा, घोडा कुठाय?” मी म्हटलं, पुढच्या रविवारी दाखवतो. पुढच्या रविवारचा बेत तिथेच ठरला, त्यालाही पैसे पडले नाहीत.

मग जहांगीर आर्ट गॅलरी. इथे जरा थांबतो, कारण या एका दारात बऱ्याच जणांचे पाय अडतात. माझेही अडले. आत जायला पैसे लागत नाहीत हे ठाऊक होतं, तरी वाटत होतं की चपला बघून कुणी हटकेल. आपल्याला चित्रातलं काय कळतं, ही धास्ती तर होतीच. ही सरळ आत गेली. एका दालनात कोपऱ्यातल्या टेबलाशी स्वतः चित्रकार बसला होता. समोर फारसं कुणी नव्हतं. हिने त्याला विचारलं, “एवढा निळा का वापरलात?” तो माणूस उठला आणि अर्धा तास बोलला. त्याच्या गावातल्या तळ्याबद्दल, निळीच्या डबीबद्दल, आईच्या नऊवारीबद्दल. आम्ही काही विकत घेणार नाही हे त्यालाही दिसत होतंच. तरी निघताना त्याने मुलीला एक जुनं निमंत्रणपत्र दिलं, चित्र छापलेलं. ते आमच्या कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटवलेलं आहे. त्या गॅलरीतली प्रदर्शनं सतत बदलत राहतात. वर्षातून आठदहा वेळा जा, दरवेळी नवं काहीतरी भिंतीवर असतं.

तिथून ओव्हल मैदानावर, क्रिकेट बघायला. एकाच मैदानात इतके सामने चालू असतात की एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या लाँगऑनला उभा असतो. आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळीने शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली ती १९८८च्या फेब्रुवारीत. तिलाही तिकीट नव्हतं. आज मुंबईत भेटणारा माझ्या वयाचा दर दुसरा माणूस त्या दिवशी तिथे हजर होता असं सांगतो. मी नव्हतो. मी त्या दिवशी बँकेत नोटा मोजत होतो. पावसाळ्यात कांगा लीग बघा. क्लबांची ही क्रिकेट स्पर्धा १९४८मध्ये सुरू झाली ती मुद्दाम पावसाळ्यासाठीच, आणि ओल्या खेळपट्टीवर चांगल्या चांगल्या फलंदाजांची जी त्रेधा उडते, तशी करमणूक दुसरी नाही.

आता एक गोष्ट मला बँकवाला म्हणून बोललीच पाहिजे. फुकट म्हणजे कुणीतरी आधीच पैसे भरलेले. जहांगीर गॅलरी १९५२मध्ये उघडली ती सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. ओव्हलवर बसून ज्याच्या घड्याळात आपण वेळ बघतो तो राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला, अट एकच, आईचं नाव द्यायचं. हा माणूस कापसाच्या आणि शेअरच्या सट्ट्यातला बादशहा, आणि १८६५च्या मंदीत सपाटून आपटलेला. सट्ट्यातले पैसे बुडाले, टॉवरमध्ये घातलेले तेवढे दीडशे वर्षं वेळ दाखवताहेत. त्या काळ्या घोड्याचा पुतळाही ससून घराण्यातल्या एकाने दिलेला. बागा, मैदानं, समुद्राकाठचे कट्टे तुमच्या-आमच्या करातून चालतात. त्यामुळे बागेत जाऊन बसायला संकोच करणारा माणूस मला त्याच्यासारखा वाटतो, जो लग्नात आहेर देतो आणि न जेवता घरी येतो.

खर्च खरा कुठे होतो? तोंडात. आमच्या वहीतले पंधरा वर्षांचे रविवार काढले तर प्रवास आणि तिकिटं एका बाजूला, आणि बाहेरचं खाणं त्यांच्या दुप्पट. डबा नेला त्या दिवशी बचत, विसरलो त्या दिवशी दिवाळं. आमच्या डब्यात थालीपीठ किंवा पोळीचा लाडू असे. पोळीचा लाडू हा प्रवासातला राजा. सांडत नाही, गळत नाही, विटत नाही, आणि शिळ्या पोळ्याही संपतात. एक चहा मात्र बाहेरचा घ्यायचाच, असा हिचा नियम होता. अगदी काहीच विकत घेतलं नाही तर मुलीला वाटेल आपण गरीब आहोत, असं ती म्हणायची. काटकसर आणि चिक्कूपणा यांच्यातली रेघ तिने त्या एका चहाने आखली.

फुकटाच्या नावाखाली महाग पडणाऱ्या जागाही असतात. आत यायला पैसे नाहीत, गार हवा आहे, सरकते जिने आहेत, अशा जागी आम्हीही गेलो, नुसतं फिरायला. बाहेर आलो तेव्हा हातात दोन पिशव्या होत्या आणि त्यातलं काय हवं होतं हे दोघांनाही आठवत नव्हतं. त्या जागेला दोष नाही. ती बांधलीच त्यासाठी होती.

आणि एक अडचण, जी पुरुष व्याख्याते बोलत नाहीत. दिवसभर बाहेर पायी फिरायचं तर बाईमाणसाने जायचं कुठे? या वहीचं शेवटचं पान बघा. कुठल्या स्टेशनची वेटिंग रूम बरी आहे, कुठल्या बागेतलं स्वच्छतागृह दुपारी कुलूप लावून ठेवतात, कुठे पाणी असतं, अशी यादी आहे. तीन वेळा खाडाखोड झालेली. मला वाटायचं बेत मी आखतो. प्रत्यक्षात बेत या पानावरून ठरायचे.

मुंबईला जायलाच हवं असं नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी गर्दी लोटते तिला कुणी आमंत्रण देतं का? नव्या कपड्यांत मित्र भेटतात, ज्यांची लग्नं पुढे होतात ते एकमेकांना तिथेच पहिल्यांदा बघतात. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ला आपल्या गणेश मंदिराने सुरू केली, आता गावोगावी निघते. राज्य नाट्य स्पर्धेची जवळच्या केंद्रावरची नाटकं बघा. वडापाव आणि चहाच्या पैशात तिकीट मिळतं. दहातली चार नाटकं रटाळ असतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण एखाद्या संध्याकाळी बँकेतला किंवा एसटीतला कुणी अनोळखी माणूस असं काही काम करून जातो की घरी येईपर्यंत बोलवत नाही.

राणीची बाग फुकट नाही. २०१७पासून मोठ्या माणसाला ५० रुपये, पण आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० रुपये होते. तरी स्वस्तच म्हणायची. बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा, आम्ही एकदा रजा काढून बुधवारी गेलो होतो. पेंग्विनच्या रांगेत सगळा वेळ घालवू नका. तिथले गोरखचिंचेचे बुंधे बघा, चौघांनी हात धरले तरी कवेत येत नाहीत. आणि हो, तो मूळचा काळा घोडाही तिथेच आहे. आम्ही शब्द पाळला होता.

वाचलेल्या पैशांचं काय केलं, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. हिने पोस्टात आवर्त ठेव उघडली. प्रत्येक रविवारी बाहेर जेवलो असतो तर किती गेले असते, याचा अंदाज करून ती रक्कम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरायची. महिनाअखेर उरलं तर भरू, असं कधीच नाही, कारण महिनाअखेर काही उरत नसतं. पोस्टाचा ६.७ टक्के दर धरला तर महिना १,००० रुपये पाच वर्षांत ७१,००० रुपयांच्या वर जातात, भरलेले त्यातले ६०,०००. फार मोठी कमाई नाही. पण मुलीच्या कॉलेजची पहिली फी या ठेवीतून गेली, तेव्हा मला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

चहा आला वाटतं. वहीतली एक शेवटची नोंद वाचतो, म्हणजे मी थांबतो.

‘१० जुलै १९९४, रविवार. पाऊस. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर आडोशाला उभे राहिलो. पायऱ्या ३०. चिनूने दोनदा मोजल्या, एकदा २९ आल्या. शेंगा भिजल्या. हे छत्री विसरले. पुन्हा जायचं, मोजायला.’