शीत कोणत्या कोपऱ्यातलं?

श्रोतेहो, नमस्कार.

लासलगावच्या बाजार आवारात सकाळचा लिलाव चालू असताना तुम्ही कधी उभे राहिला असाल. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीनं लागलेल्या असतात. व्यापारी येतो, ट्रॉलीत हात घालतो, चार-दोन कांदे उचलतो, एखादा दाबून बघतो आणि बोली सुरू होते. ट्रॉलीभर माल, त्यातला पाहिला किती, तर मूठभर. भाव ठरतो, ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते आणि माल खाली होताना कधीकधी वाजतं. वर एकसारखा कांदा, तळाशी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. व्यापारी म्हणतो, वर सजवून आणलास. शेतकरी म्हणतो, चाळीतून निघाला तसा भरला, तुम्हीच नीट हात घातला नाहीत.

आज मी कांद्यावर बोलणार नाही. निवडणुकीच्या आधी आणि एरवीही देशोदेशी ज्या जनमत चाचण्या होतात, त्यांच्याविषयी बोलणार आहे. पण भांडण हेच आहे.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी ठरते, कारण पातेल्यातला भात बहुतेक सगळीकडे सारखा शिजतो. लग्नाचं पातेलं असो की दोघांपुरतं, चार शितं दाबून बघितली की पुरतं. चाचणीवाल्यांचंही म्हणणं असंच आहे. खरोखर चिठ्ठ्या टाकून हजार माणसं निवडली, तर टक्केवारीत साधारण तीनपेक्षा जास्त चूक सहसा होत नाही. देश आइसलंडएवढा असो की भारताएवढा, हजार म्हणजे हजारच. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. मी वर्गात कितीतरी वर्षं हे शिकवलं, आणि दर वर्षी एकजण तरी उठून म्हणायचा, सर, एकशे चाळीस कोटी लोक आणि हजार माणसं? त्याला मी विचारायचो, डॉक्टर तुझं रक्त तपासताना सगळं काढून घेतात का?

आकड्याच्या मोठेपणाला भुलून एक अमेरिकन साप्ताहिक बुडालं. 1936 साली रूझवेल्ट आणि लँडन यांच्यात अध्यक्षपदाची लढत होती. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका टपालानं धाडल्या. तेवीस-चोवीस लाख परत आल्या. एवढा ढीग कुणाकडे नव्हता! त्यांनी जाहीर केलं, लँडन जिंकणार. आधीच्या निवडणुकांत त्यांचा अंदाज बरोबर ठरत आला होता, त्यामुळे लोकांनी मान डोलावली. प्रत्यक्षात रूझवेल्टना एकसष्ट टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि 48 पैकी 46 राज्यं त्यांच्याकडे गेली. साप्ताहिकानं पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती, सांगायला नको. शिवाय पत्रिका परत पाठवायची तसदी घेतली तीही ज्यांचा रूझवेल्टवर राग होता त्यांनी जास्त. जॉर्ज गॅलप नावाच्या माणसानं कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट येणार असं सांगितलं, आणि त्याचं नाव झालं. 1948 मध्ये हाच गॅलप तोंडावर आपटला. मतदानाच्या काही आठवडे आधी विचारणं थांबवलं, ट्रुमन हरणार म्हणून सांगितलं आणि ट्रुमन निवडून आले. असो.

आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी मतदान घेतलं असेल. 'अमुक टक्के नाशिककरांना वाटतं' असं म्हणून त्याचा स्क्रीनशॉट फिरलाही असेल. हा तोच लिटररी डायजेस्ट. फक्त टपालखर्च वाचला.

यावर इलाज काय, तर यादी धरून चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव निघालं त्याच्याच दारात जायचं. शेजारच्याला विचारून भागवायचं नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. पीकविम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात तेव्हा शेत आणि शेतातला तुकडा असाच निवडला जातो. या विषयात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी फार महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. तुकडा फारच लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. दोरीच्या कडेला आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लबाडी नसते त्यात. हाताला भरलेली पेंढी आवडते एवढंच. लहान तुकड्याला आकाराच्या मानानं कड जास्त, म्हणून चूकही जास्त.

माणसांच्या बाबतीतला असा हात मी स्वतः पाहिलेला आहे. विद्यार्थी असताना सुट्टीत एका पाहणीसाठी मी पेठ तालुक्यात फॉर्म भरत फिरायचो. मतदार यादीतून नावं काढून दिलेली होती. एका घरी नाव होतं पन्नाशीच्या बाईचं. दारात तिचा नवरा. म्हणाला, "तिला काय इचारता, मला इचारा." मी यादी दाखवली. मग त्यानं बाज टाकली, पाणी दिलं आणि शेजारीच ठाण मांडून बसला. बाई पडवीत नागली पाखडत होती. मी प्रश्न वाचला की ती नवऱ्याकडे बघायची, तो उत्तर द्यायचा, ती मान हलवायची. तो तंबाखू आणायला उठला तेवढ्यात मी घाईनं पुढचा प्रश्न वाचला. गावच्या पाण्याचा निर्णय कुणी घ्यावा, असं काहीतरी होतं. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "पाणी कोण आणतं ते आधी लिव्हा."

फॉर्ममध्ये त्याला चौकट नव्हती.

आणि 'बरंय' या उत्तराला तर कुठल्याच फॉर्ममध्ये चौकट नसते. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत, पूर्ण असहमत असे पर्याय वाचून दाखवायचे, आणि समोरचा माणूस म्हणणार, बरंय. आता हे बरंय म्हणजे हो, की चालेल, की तुम्ही एवढे उन्हातून आलात तर तुमचंच खरं, की उठा आता? आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणणं जड जातं. आग्नेय आशियातल्या पाहण्यांमध्येही अभ्यासकांना हाच अनुभव 1960च्या सुमारास आला होता. पाहुण्याला आवडेल ते उत्तर द्यायचं. मराठीत त्याला आपण भीड म्हणतो आणि विषय संपवतो.

भिडेच्या पुढची पायरी म्हणजे भीती. त्याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला निकाराग्वाचा आहे. 1990 साली मध्य अमेरिकेतल्या या देशात डॅनिएल ओर्तेगा यांचं सरकार होतं, आणि विरोधात होत्या व्हायोलेटा चामोरो. बऱ्याच चाचण्या ओर्तेगांना पुढे दाखवत होत्या. दोघा संशोधकांना शंका आली. त्यांनी तीनशेच्या आसपास मुलाखतींमध्ये प्रश्न सगळे तेच ठेवले आणि फक्त विचारणाऱ्याच्या हातातलं पेन बदललं. काहींच्या हातात सत्ताधारी पक्षाच्या लाल-काळ्या रंगाचं, काहींच्या हातात विरोधकांच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचं, काहींच्या हातात साधं. निळं-पांढरं पेन असेल तिथे चामोरो पुढे. लाल-काळं असेल तिथे ओर्तेगा पुढे. आणि गंमत पुढेच आहे, साध्या पेनालाही ओर्तेगाच पुढे! कुठलीच खूण नसलेला, फॉर्म घेऊन आलेला माणूस म्हणजे सरकारचाच, असं लोकांनी धरलं असणार. मतदान झालं आणि चामोरो चांगल्या फरकानं जिंकल्या.

मला वाटतं, चाचणी घेणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट खिशात ठेवावी, त्या पेनासकट. आपल्याकडे लोकनीतीसारख्या संस्था मत कुणाला हे तोंडी विचारतच नाहीत. नकली मतपत्रिका देतात, माणूस शिक्का मारून ती पेटीत टाकतो. वेळ जास्त लागतो, पण पडवीतल्या बाईला तेवढा आडोसा मिळतो. ज्या चाचण्या फोनवर दोन मिनिटांत उरकतात त्यांना ही सोय नाही, आणि फोन उचलणारी माणसंही आटत चालली आहेत. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या फोन-पाहण्यांना 1997 मध्ये शंभरातले 36 जण उत्तर द्यायचे, 2018 मध्ये सहा. उरलेल्या चौऱ्याण्णवांचं मत त्या सहांसारखंच आहे, असं धरून आकडेमोड चालते. थोड्या दुरुस्त्या करतात, नाही असं नाही.

प्रश्नाचे शब्द हा आणखी एक सापळा. सिंहस्थाच्या तयारीवरून तपोवनातल्या झाडांबद्दल नाशिक शहरात किती बोललं गेलं, आठवत असेल. समजा मी विचारलं, 'लाखो भाविकांच्या सोयीसाठी काही झाडं हलवावीत का?' आणि दुसऱ्या गल्लीत विचारलं, 'तपोवनातली जुनी झाडं तोडावीत का?' दोन्ही गल्ल्यांत माणसं सारखीच असतील. आकडे सारखे येतील यावर मी चहासुद्धा लावणार नाही. म्हणून वर्तमानपत्रात टक्केवारी वाचताना आधी प्रश्न जसाच्या तसा छापला आहे का ते मी बघतो. बहुधा नसतो.

आणि लोकांना मत असतंच, हे तरी कुणी सांगितलं? अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी 1970च्या दशकात एका कायद्याबद्दल मत विचारलं. तो कायदा अस्तित्वातच नव्हता, त्यांनी मनानं रचला होता. जवळपास एक तृतीयांश लोकांनी त्यावर मत दिलं. आपण हसू नये. लग्नाच्या पंगतीत आपण यापेक्षा जास्त करतो.

देशादेशांची तुलना करायची म्हटली की घोळ आणखी वाढतो. 1981 पासून चालणाऱ्या जागतिक मूल्य पाहणीत एक प्रसिद्ध प्रश्न आहे: बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की जपूनच राहावं लागतं? नॉर्वे-स्वीडनमध्ये दहातले सहाहून जास्त लोक म्हणतात, ठेवता येतो. कोलंबिया-पेरूमध्ये दहातला एकही धड म्हणत नाही. हा फरक खराच मोठा आहे. पण हा प्रश्न मराठीत आणून पंचवटीतल्या आजीला विचारून बघा. आजी म्हणेल, बहुतेक म्हणजे कोण रे? आपल्या गल्लीतले? अभ्यासकांनाही पुढे हेच आढळलं. काही देशांत, विशेषतः चीनमध्ये, 'बहुतेक माणसं' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ओळखीचीच माणसं येतात.

आता आपल्या लोकसभेचं. चाचणी मोजते मतं आणि आपल्याला हव्या असतात जागा. भारतीय जनता पक्षाला 2019 मध्ये 37.4 टक्के मतं होती आणि 303 जागा. 2024 मध्ये 36.6 टक्के मतं आणि 240 जागा. मतं एक टक्कासुद्धा हलली नाहीत, जागा 63 गेल्या. आणि चाचणीचीच चूक तीन टक्क्यांची! 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोल रालोआला, म्हणजे भाजपच्या आघाडीला, साडेतीनशेच्या पुढे नेत होते, 4 जूनला 293 निघाल्या. आमचे शेजारी त्या संध्याकाळी पेढे आणायला निघाले होते, दुकान बंद होतं म्हणून वाचले.

जाता जाता एक युक्ती सांगतो. लाजेचा किंवा भीतीचा प्रश्न असेल तर खरं उत्तर कसं काढायचं? स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये यावर तोडगा मांडला, त्याचं सोपं रूप असं. प्रश्न घ्या: गेल्या महिन्यात सीबीएसचा, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचा, सिग्नल तोडलात का? प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. 'हो' म्हणणाऱ्याचं नाणं बोललं की तो स्वतः, हे कुणालाच कळत नाही. पण हजार माणसांत पाचशेच्या आसपास 'हो' नुसत्या नाण्याचे असणार. सहाशे 'हो' आले, तर वरचे शंभर खरे, म्हणजे काटा आलेल्या पाचशेतले वीस टक्के.

घरातल्या पाच जणांत हे जमणार नाही. सोसायटीच्या गणपतीत आरतीला दोन-तीनशे माणसं असतात, तेव्हा करून बघा. नाणं मात्र ज्याचं त्यानं आपल्या मुठीत बघायचं, आणि मोजायला कार्यकारिणीतलं कुणी ठेवू नका.